फोनवरची बोली

भाचेराव, लंडनच्या लिलावात तोड्याची बंदूक निघतेय, फोनवरून बोली लावू का, असं तू विचारलंस. लाव. पण आधी मामाचं ऐक.

नंदुरबारच्या बाजार समितीत व्यापारी मिरची मुठीत घेऊन ओल बघतो, मग भाव बोलतो. सारंगखेड्याला दात पाहिल्याशिवाय घोड्याची किंमत कोणी करत नाही. फोनवर यातलं काहीच हाती नसतं. म्हणून कंडिशन रिपोर्ट आधी मागव. नळी मूळचीच का, दस्ता कुठे सांधलाय, रंजकाचं छिद्र बुजवलंय का, कोफ्तगिरीची नक्षी जुनी की मागाहून केलेली, हे सगळं लेखी विचार. जास्तीचे फोटो मागायला लाजू नकोस.

त्याहून आधी कागद. शस्त्र कायदा १९५९चा. जुन्या घाटाचं आणि दुरुस्त करूनही न चालणारं हत्यार त्यातून सुटतं, पण तुझी बंदूक त्यात बसते का हे तू ठरवायचं नाहीस. जिल्हाधिकारी कार्यालयात आणि कस्टममध्ये विचारून लेखी उत्तर घे. तिकडचा कायदाही बघ. टिपू सुलतानची वीस लाख पौंडांची शिकारी बंदूक देशाबाहेर न्यायला ब्रिटन सरकारने २०२३ मध्ये तात्पुरती बंदी घातली.

बोलीचा शेवटचा आकडा आदल्या दिवशी कागदावर लिही आणि सूनबाईच्या हाती दे. हातोडा पडतो त्या भावावर लिलाववाल्यांचं कमिशन चढतं, पाव हिस्सा तरी धर. वर कर, बांधणी, विमा, वाहतूक. नागपूरकर रघुजी भोसल्यांची तलवार आपल्या राज्य सरकारने एप्रिल २०२५ मध्ये लिलावात मध्यस्थामार्फत घेतली, तेव्हा सांगितलेल्या ४७.१५ लाखांत वाहतूक आणि विमाही धरलेला होता. हिशोब असा शेवटपर्यंत करायचा.

मी तो केला नव्हता. बंदुकीच्या दारूच्या एका पितळी कुपीसाठी फोनवर बसलो होतो. पलीकडून बाई शांतपणे विचारायची, "आणखी एक?" त्या प्रश्नानंतरची शांतता फार वाईट, भाचेराव. ठरवल्यापेक्षा दोन पायऱ्या वर गेलो. कमिशन धरून बिल आलं तेव्हा त्या वर्षीचं शेतातलं ठिबक राहून गेलं. मे २०२३ मध्ये टिपूची तलवार एक कोटी चाळीस लाख पौंडांवर गेली, तेव्हाही दोघं फोनवर आणि एक जण दालनात असे झुंजत होते. समोरच्याचा चेहरा दिसत नाही, त्यामुळे तो थकलाय की नाही हे कळत नाही. आपला आकडा संपला की "नको" म्हण आणि फोन ठेव.

नोंदणी दोन-तीन दिवस आधी कर, ओळखपत्र आणि बँकेचे कागद लागतात. उन्हाळ्यात लंडनचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे, हिवाळ्यात साडेपाच. त्या दिवशी तोरणमाळला जाऊ नकोस, घाटात रेंज जाते. तरी फोन तुटलाच तर तुझ्या वतीने किती रकमेपर्यंत बोलायचं, ते त्यांना आधी लिहून दे.

रविवारी शहाद्याला ये. फोटो मोठे छापून आण, भिंग माझ्याकडे आहे.