जुन्या घराचे स्वयंपाकघर आणि परस
थोडक्या खर्चात करावयाची सुधारणा

सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यातील औंध हे एकेकाळच्या औंध संस्थानच्या राजधानीचे गाव. यमाईच्या डोंगराच्या पायथ्याशी वसलेल्या या गावात, तसेच संस्थानच्या आता सांगली जिल्ह्यात असलेल्या आटपाडीच्या बाजूस, दगडमातीच्या भिंतींची आणि माळवदाची जुनी घरे आजही पाहावयास मिळतात. २१ जानेवारी १९३९ रोजी राजेसाहेब श्रीमंत भवानराव पंतप्रतिनिधी यांनी राज्यकारभार प्रजेच्या हाती सोपविणारी घटना जाहीर केली आणि तिचा पाया ग्रामपंचायतीवर घातला. खालून वर जाणाऱ्या सुधारणेचा हा विचार घराच्या बाबतीतही लागू पडतो. घराची सुधारणा दर्शनी ओसरीपासून नव्हे, तर जेथे घरातील स्त्रीचा बहुतेक दिवस जातो त्या स्वयंपाकघरापासून आणि त्यामागील परसापासून सुरू व्हावयास हवी.

अनेक कुटुंबांस घर पाडून नवे बांधणे परवडत नाही. मग हाती असलेली रक्कम रंगीत फरशी व दर्शनी भाग यांवर खर्च होते आणि आत धूर व मागे चिखल तसाच राहतो. वस्तुतः जुन्या स्वयंपाकघराचे मुख्य दोष दोनच असतात : धुराला वर जाण्यास वाट नसते आणि सांडपाण्याला जिरण्यास जागा नसते. या दोन वाटा आधी करून दिल्या, तर उरलेली सुधारणा सवडीने करता येते.

आधी छत आणि भिंती तपासाव्यात

कामाला हात घालण्यापूर्वी घराची प्रकृती पाहणे अगत्याचे आहे. माळवद गळू नये म्हणून त्यावर पांढरी माती टाकण्याची पद्धत आहे. जुना थर न काढता नवा थर घातला की छताचे वजन वाढत जाते. एक फूट जाडीच्या मातीचे वजन चौरस मीटरला सुमारे पाचशे किलो भरते. म्हणजे दहा फूट रुंद व बारा फूट लांब खोलीच्या माथ्यावर पाच टनांहून अधिक भार असतो. ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनेचा आणि ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीचा भूकंप महाराष्ट्राने अनुभवला. किल्लारीस हजारो माणसे मृत्युमुखी पडली, त्याचे एक मोठे कारण मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवरील जड छते हेच होते.

म्हणून पहिला खर्च दिसण्यासारखा नसला तरी तोच महत्त्वाचा होय. जाणत्या गवंड्याकडून व सुताराकडून तुळया, खांब व भिंतींचे कोपरे तपासून घ्यावेत. वाळवी लागलेली तुळई बदलावी. मातीचे जादा थर उतरवून छत हलके करावे. मात्र ते उतरविताना एका बाजूस ढीग साचू देऊ नये. स्वयंपाकघर मोठे करण्यासाठी मधली दगडी भिंत पाडण्याचा मोह अनेकांस होतो. ती भिंत बहुधा छताचा भार वाहत असते. अभियंत्याच्या सल्ल्यावाचून तिला हात लावू नये.

भिंतींना बाहेरून सिमेंटचा गिलावा करणे हीदेखील नेहमीची चूक आहे. दगडमातीच्या भिंतीत जमिनीतून ओल चढते व ती पृष्ठभागावरून उडून जाते. सिमेंटच्या गिलाव्याने ती आत कोंडते आणि मातीचा सांधा भुसभुशीत होतो. अशा भिंतीस चुन्याचा गिलावा मानवतो. आतून दरवर्षी चुन्याची सफेदी केली, तर काजळीने काळवंडलेली खोली उजळते व दिवसा दिवा लावण्याची गरज कमी होते.

धुराला वाट

घरातील धुराने होणाऱ्या हवेच्या प्रदूषणामुळे २०२० या वर्षी जगात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्यात स्त्रिया व लहान मुले यांना मोठा त्रास पोहोचतो, कारण चुलीजवळ तीच अधिक वेळ असतात. या प्रश्नाचा विचार आपल्याकडे फार पूर्वीपासून झाला आहे. वर्ध्याच्या मगनवाडीत ‘मगन चूल’ तयार झाली. पुढे १९८३ मध्ये सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेण्यात आला. त्या कार्यक्रमातून एक धडा मिळाला : धुराड्यात साचलेली काजळी काढली नाही, तर उत्तम चूलही काही महिन्यांत धूर कोंडू लागते.

२०१६ मध्ये सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेमुळे गॅसची शेगडी अनेक घरांत पोहोचली आहे. तरीही भाकरी भाजण्यासाठी व पाणी तापविण्यासाठी चूल पेटतेच. ती पेटणार असेल तर तिचे स्थान स्वयंपाकघराबाहेर, परसातील पत्र्याच्या पडवीत असावे. आतच ठेवणे भाग असल्यास तिला पत्र्याचे अथवा भाजलेल्या मातीचे धुराडे जोडावे. धुराड्याचे तोंड छताच्या वर निदान दोन ते तीन फूट असावे, त्यावर पावसासाठी टोपी असावी आणि ते महिन्यातून एकदा झाडावे. जेथे धुराडे छतातून जाते तेथे लाकूड व नळी यांत वीतभर अंतर राखावे, अन्यथा आग लागण्याचे भय असते.

शेगडी व पेटती चूल एका खोलीत ठेवू नये. गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास तो जमिनीलगत साचतो. म्हणून सिलिंडर उभा, शेगडीपेक्षा खालच्या पातळीवर, पण खड्ड्यात नव्हे, असा ठेवावा आणि भिंतीत जमिनीलगत एक जाळीचा झरोका ठेवावा. समोरासमोर दोन उघडझापीच्या खिडक्या असल्या तर वारा खेळता राहतो. नवी खिडकी पाडण्यापेक्षा पूर्वीची बुजविलेली खिडकी वा झरोका मोकळा करणे स्वस्त व भिंतीस निर्धोक असते. कौलारू भागात एखादे काचेचे कौल बसविले तरी पुरेसा उजेड मिळतो.

ओटा, मोरी आणि फडताळ

ओट्याची उंची बाजारातील नमुन्यावर नव्हे, तर त्यावर काम करणाऱ्या स्त्रीच्या मापाने ठरवावी. उभे राहून हात कोपरात दुमडला असता कोपरापासून सुमारे चार इंच खाली ओट्याचा पृष्ठभाग यावा. बहुतेक घरांत हे माप तीस ते तेहतीस इंचांच्या दरम्यान बसते. वयस्कर सासूबाई बसून काम करीत असतील, तर एका बाजूस बुटका कट्टा ठेवावा. निर्णय घेण्याआधी त्या दोघींचे मत विचारणे, हाच यातला बिनखर्चाचा पण सर्वांत मोलाचा भाग आहे.

ओट्यासाठी नवी ग्रॅनाइटची लादी घेण्याऐवजी घरातील जुनी शहाबादी फरशी घासून, सांधे नव्याने भरून वापरता येते. भिंतीतील कोनाडे व फडताळे ही जुन्या घराची देणगीच होय. त्यांना आतून चुना देऊन नवी दारे लावली, तर भिंतीवर लाकडी कपाटे ठोकण्याचा खर्च वाचतो. मोरीचा उतार मात्र नव्याने करावा. दर तीन फुटांस एक इंच उतार दिला तर पाणी तुंबत नाही. मोरीच्या तोंडाशी जाळी व तिच्यापुढे झाकण असलेला लहान हौद ठेवल्यास भाताची शिते, राख व तेलकट गाळ तेथेच अडतो.

पाण्याला वाट

खटाव, माण व आटपाडी हा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील अवर्षणप्रवण मुलूख. येथे पाणी डोक्यावरून आणण्याचे दिवस अनेकांनी पाहिले आहेत. अशा गावात मोरीचे पाणी दारापुढे सोडून चिखल व डास वाढविणे, हा दुहेरी तोटा आहे. जलजीवन मिशनने (२०१९) माणशी दररोज ५५ लिटर पाण्याचे मान धरले आहे. पाच माणसांच्या घरात हे पावणेतीनशे लिटर होते आणि त्यातील बराच भाग सांडपाणी म्हणून बाहेर पडतो.

हे पाणी आधी झाडांच्या आळ्यांत फिरवावे व उरलेले शोषखड्ड्यात सोडावे. साधारण एक मीटर लांब, तितकाच रुंद व तितकाच खोल खड्डा घ्यावा. तळाशी मोठे दगड, त्यावर विटांचे तुकडे, वर खडी व जाड वाळू असे थर भरावेत. माथ्यावर तळास भोके पाडलेले मडके बसवून त्यात काथ्या वा गवत घालावे. ते वरचेवर बदलावे. मुरमाड जमिनीत पाणी चटकन जिरते, काळ्या जमिनीत जिरत नाही. म्हणून आधी हातभर खड्डा खणून पाणी ओतून पाहावे. शोषखड्डा घराच्या पायापासून दहा फूट आणि विहीर वा विंधनविहिरीपासून पन्नास फूट तरी दूर असावा. ग्रामीण स्वच्छ भारत अभियानाच्या २०२० मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या टप्प्यात सांडपाण्याच्या व्यवस्थेवर भर देण्यात आला. आपल्या गावात कोणते साहाय्य मिळू शकेल, याची ग्रामपंचायतीत चौकशी करावी.

साबणाच्या पाण्यावर केळ, अळू व कर्दळ चांगली वाढतात. शेवगा, पपई व लिंबू यांच्या आळ्यांत हे पाणी आलटून पालटून द्यावे. कच्च्या खावयाच्या पालेभाज्यांस मात्र ते देऊ नये. भाज्यांची देठे व साली, पालापाचोळा आणि थोडे शेण यांसाठी कोपऱ्यात लहान खतखड्डा केला, तर विकतच्या खताची गरज उरत नाही.

पडवीच्या पत्र्याचे पाणीही वाया जाऊ देऊ नये. एक चौरस मीटर पत्र्यावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळते. वीस चौरस मीटर पत्रा व वर्षाचा पाऊस ५०० मिलिमीटर धरला, तर दहा हजार लिटर होतात; गळती-नासाडी वजा जाता आठ हजार लिटर तरी हाती येतील. पन्हाळ लावून पहिल्या पावसाचे पाणी सोडून द्यावे व नंतरचे टाकीत घ्यावे.

कामाचा क्रम

सर्व काम एकाच वर्षी करण्याचा अट्टहास नसावा. पहिल्या वर्षी छत हलके करणे, तुळया व मोरीचा उतार. दुसऱ्या वर्षी धुराडे, खिडक्या व ओटा. तिसऱ्या वर्षी पडवी, टाकी व फरशी, असा क्रम ठेवल्यास कर्ज काढावे लागत नाही. चुन्याचे काम हिवाळ्यात करावे, कारण कडक उन्हात ते लवकर सुकून तडकते. खड्डे उन्हाळ्यात खणून मृगाच्या पावसावर रोपे लावावीत. शोषखड्ड्यास दगड व मजुरीच लागत असल्याने तो पहिल्याच वर्षी घरच्या माणसांनी खणावा.

जुन्या घराच्या जाड भिंती उन्हाळ्यात गारवा देतात आणि थंडीत ऊब धरतात. असे घर टाकाऊ समजून पाडण्यापूर्वी त्यातील धूर आणि पाणी यांचा बंदोबस्त करून पाहावा. ज्या घरात स्वयंपाक करताना डोळ्यांना पाणी येत नाही आणि ज्याच्या मागील दारी चिखलाऐवजी केळीचे पान हलते, ते घर जुने असले तरी सुधारलेलेच म्हणावयाचे.