विरजण मोडू देऊ नकोस

पोरी, तुझ्या फ्रिजमध्ये दह्याचे विकतचे डबे पाहिले आणि राहवलं नाही. दही घरी लाव. दुधात बोट सुखानं टिकेल इतपतच ते कोमट हवं. जास्त गरम असलं की विरजणातले जंतू मरतात. थंडीत भांडं झाकून पिठाच्या डब्यात ठेव. आणि सकाळी कुणीही चमचा घालायच्या आधी उद्याच्या विरजणाची वाटी बाजूला काढ. माझ्या आईनं हे मोडू दिलं नाही, मीही नाही.

ताक मात्र तसंच प्यायचं. कढी हवी तेव्हा कर, पण उकळी आली की त्यातलं जिवंत काही उरत नाही.

मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवलं, म्हणून कारणही सांगते. शरीराच्या संरक्षक पेशींचा फार मोठा वाटा आतड्यांच्या आसपास असतो. कुणावर तुटून पडायचं आणि कुणाला सोडायचं, हे त्या तिथल्या जंतूंच्या सहवासात शिकतात. ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, कांदा, लसूण यांतला जो भाग आपल्याला पचत नाही तो मोठ्या आतड्यात जातो. तिथले जंतू तो आंबवून ब्युटिरेट नावाचं आम्ल करतात. आतड्याच्या अस्तरातल्या पेशी मुख्यतः त्यावरच जगतात, आणि संरक्षक पेशींना आवर घालणाऱ्या पेशीही त्यानं वाढतात. हा चारा बंद झाला तर? उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं, की उपाशी जंतू आतड्यावरचा चिकट थरच खायला लागतात. मग भिंत उघडी पडते, सूज येते. बिस्किटं आणि मैद्यावर दिवस काढू नकोस गं.

स्टॅनफर्ड विद्यापीठाचा २०२१ सालचा एक प्रयोग आहे. ३६ निरोगी माणसांचे दोन गट केले. दहा आठवडे दही, किमची असं आंबवलेलं भरपूर खाणाऱ्या गटात पोटातल्या जंतूंचे प्रकार वाढले आणि रक्तातली सूज दाखवणारी १९ प्रथिनं कमी झाली.

साध्या सर्दीला अँटिबायोटिक मागू नकोस. सर्दी विषाणूंची असते, मरतात मात्र पोटातले जंतू. डॉक्टरांनी गरज पाहून दिलेला कोर्स मात्र मनानं थांबवायचा नाही.

आणि शौचातून रक्त पडलं, जुलाब आठवडेच्या आठवडे थांबेनात किंवा वजन उतरायला लागलं, तर ताक पीत बसू नकोस. अल्सरेटिव्ह कोलायटिस, क्रोन्स या आतड्याच्या सुजेच्या आजारांवर ताक औषध नाही, आणि सुजलेल्या आतड्याला उसळ त्रासही देते. त्याच आठवड्यात पोटाच्या डॉक्टरांना दाखव.