कामावरचे शिक्षण : डांबरी रस्त्याचे शास्त्र



दहावी-बारावी झाल्यावर आपल्या भागातील काही मुले दरवर्षी रस्त्याच्या कामावर जातात. कोणी खडीच्या क्रशरवर, कोणी हॉटमिक्स प्लांटवर, कोणी डंपरवर, तर कोणी रोलरवर. पेडणे तालुक्यात पत्रादेवीपासून येणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ६६ चे रुंदीकरण झाले. मोपाच्या विमानतळावरून ५ जानेवारी २०२३ पासून विमाने उडू लागली. डिचोली तालुक्यात २०१२ साली आणि पुन्हा मार्च २०१८ मध्ये खाणी बंद पडल्या, तेव्हा ट्रकवर चालणाऱ्या कितीतरी घरांना दुसरे काम शोधावे लागले. अशा घरात मुलापुढे एकच प्रश्न ठेवला जातो : शिकायचे की कमवायचे?

या लेखात आम्ही एवढेच सांगणार आहोत की रस्त्याच्या धंद्यात या दोन गोष्टी एकत्र करता येतात, आणि केल्या तर दोन्ही अधिक चांगल्या होतात. त्यासाठी आधी रस्त्याचे शास्त्र थोडे समजून घेऊ.

थोडा इतिहास

भारतातील रस्त्यांचा पद्धतशीर विचार सुरू झाला त्यात एका मराठी माणसाचे नाव मोठे आहे. १९२७ साली सरकारने रस्त्यांसाठी समिती नेमली. तिचे अध्यक्ष बॅरिस्टर मुकुंदराव जयकर होते. या समितीच्या शिफारशींतून पुढे १९२९ मध्ये केंद्रीय रस्ते निधी आणि डिसेंबर १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस ही अभियंत्यांची संस्था उभी राहिली. रस्ता कसा बांधावा याचे नियम आजही हीच संस्था पुस्तकरूपाने काढते. १९५२ साली दिल्लीत केंद्रीय रस्ते संशोधन संस्था सुरू झाली.

डांबर म्हणजे काय?

आपण सरसकट 'डांबर' म्हणतो. पूर्वी दगडी कोळशापासून निघणारे डांबर वापरीत. आता रस्त्यावर जे टाकतात ते बिटुमेन असते. कच्च्या खनिज तेलातून पेट्रोल, डिझेल वगैरे काढून घेतल्यावर शेवटी उरणारा हा काळा, चिकट पदार्थ. भारतीय मानक ७३ नुसार त्याच्या व्हीजी-१०, व्हीजी-२०, व्हीजी-३० आणि व्हीजी-४० अशा चार प्रती आहेत. आकडा जितका मोठा तितके बिटुमेन घट्ट.

रस्त्याच्या वरच्या थरात वजनाने सुमारे ९५ टक्के खडी, ग्रिट व दगडाची भुकटी असते, आणि बिटुमेन फक्त ५ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे भार दगड पेलतो आणि बिटुमेन त्याला धरून ठेवते. आपला तांबडा चिरा घराच्या भिंतीला उत्तम. पण तो मऊ आहे आणि पाणी शोषतो, म्हणून वरच्या थराला काळ्या दगडाची कठीण खडी लागते.

हाताला कळते त्यामागचे कारण

प्लांटवर चार वर्षे काढलेल्या कामगाराला माल पाहताच बरेच काही कळते. पुस्तक त्याला त्यामागचे कारण आणि आकडा देते. तीन उदाहरणे घेऊ.

पहिले, तापमान. गार माल नीट दबत नाही हे प्रत्येक रोलरवाल्याला ठाऊक असते. केंद्रीय रस्ते मंत्रालयाच्या नियमपुस्तकात (त्याला सगळे 'ऑरेंज बुक' म्हणतात, पाचवी आवृत्ती २०१३ ची) त्याचे आकडे दिले आहेत. व्हीजी-३० वापरले असेल तर माल १५० ते १६५ अंश सेल्सिअसला मिसळावा, अंथरताना तो किमान १४० अंश असावा आणि ९० अंशांच्या खाली जाण्यापूर्वी रोलिंग संपवावे. समजा, डंपर वाटेत वाहतुकीत अडकला आणि माल १२० अंशांवर आला. 'साहेब, माल गार वाटतो' असे म्हणणाऱ्याचे कोणी ऐकेल किंवा ऐकणार नाही. पण थर्मामीटर लावून, आकडा वहीत लिहून, नियमातील आकडा शेजारी दाखवणाऱ्याचे ऐकावेच लागते.

दुसरे, टॅक कोट. जुन्या थरावर नवा थर चिकटावा म्हणून बिटुमेनचे इमल्शन फवारतात. ते आधी चॉकलेटी दिसते आणि नंतर काळे होते. काळे झाल्याशिवाय माल टाकायचा नाही हे कामगार पाहून पाहून शिकतो. कारण असे की इमल्शनमध्ये बिटुमेनचे सूक्ष्म थेंब पाण्यात तरंगत असतात. ते थेंब पाण्यापासून सुटे होऊन एकत्र आले की रंग बदलतो. तोपर्यंत घाई केली तर दोन थरांच्या मध्ये पाणी अडकते.

तिसरे, पाणी. चतुर्थीच्या तोंडावर आपल्याकडे खड्ड्यांची चर्चा दरवर्षी होते. दगडाला बिटुमेनपेक्षा पाणी अधिक जवळचे वाटते. रस्त्यात पाणी मुरले की ते दगड आणि बिटुमेन यांच्यामध्ये शिरते, पकड सुटते, चाकाच्या दाबाने खडी उखडते आणि खड्डा पडतो. यावर उपाय तीन : मिश्रणात चुना किंवा तत्सम पदार्थ मिसळून पकड वाढवणे, थर नीट दाबून पाण्याला वाट न ठेवणे, आणि पडलेले पाणी लगेच बाजूला वाहून जाईल असा उतार देणे. ओल्या, पाणी साचलेल्या पृष्ठभागावर माल टाकू नये असे नियमपुस्तकही सांगते.

शाळेचे गणित रस्त्यावर

आठवी ते दहावीच्या मुलांनी पुढील उदाहरणे वहीत सोडवून पाहावीत.

(१) दोन पदरी रस्ता ७ मीटर रुंद असतो. मध्यापासून कडेपर्यंत अंतर ३.५ मीटर. जोरदार पावसाच्या प्रदेशात डांबरी रस्त्याला २.५ टक्के उतार देतात. मग मध्य कडेपेक्षा किती उंच? ३.५ मीटरचे २.५ टक्के म्हणजे ८७.५ मिलिमीटर, जवळजवळ ९ सेंटिमीटर. एवढ्याशा उतारावर पावसाळ्यातील रस्त्याचे आयुष्य अवलंबून असते.

(२) १ किलोमीटर लांब, ७ मीटर रुंद रस्त्यावर ४० मिलिमीटर जाडीचा थर टाकायचा आहे. घनफळ १००० × ७ × ०.०४ = २८० घनमीटर. दाबलेल्या मालाचे वजन घनमीटरला २.३५ टन धरले तर ६५८ टन माल लागेल. त्यात ५.४ टक्के बिटुमेन म्हणजे सुमारे ३५.५ टन. बिटुमेन अर्धा टक्का कमी पडले तर फरक किती होतो ते तुम्ही काढा.

(३) प्रयोगशाळेत मार्शल चाचणीसाठी मालाची गोल वडी करतात. ही पद्धत अमेरिकेतील मिसिसिपी राज्याच्या महामार्ग खात्यातील ब्रूस मार्शल यांनी १९३९ च्या सुमारास बसवली. वडीचा व्यास १०१.६ मिलिमीटर, उंची ६३.५ मिलिमीटर. वृत्तचितीचे सूत्र लावा : घनफळ सुमारे ५१५ घन सेंटिमीटर. वजन १२०० ग्रॅम भरले तर घनता २.३३. आत अजिबात हवा नसती तर घनता २.४३ आली असती असे समजू. मग पोकळी (२.४३ − २.३३) ÷ २.४३, म्हणजे सुमारे ४.१ टक्के. ही पोकळी ३ ते ५ टक्क्यांच्या दरम्यान हवी. कमी झाली तर उन्हाळ्यात बिटुमेन वर येते आणि रस्ता निसरडा होतो. जास्त झाली तर हवा-पाणी आत शिरते.

(४) डिचोलीच्या मुलांनी हे उदाहरण मुद्दाम करावे. अमेरिकेत १९५८ ते १९६० या काळात मोठ्या प्रमाणावर रस्त्यांची चाचणी झाली. तिच्यातून असे दिसले की आसावरील भार वाढला की रस्त्याची झीज साधारण त्या भाराच्या चौथ्या घाताने वाढते. म्हणजे भार दुप्पट तर झीज १६ पट! प्रमाण आसभार ८.१६ टन धरतात. १०.२ टनांचा आस प्रमाणाच्या १.२५ पट, त्याचा चौथा घात २.४४. भारत सरकारने २०१८ साली चार चाकांच्या एका आसाची मर्यादा १०.२ वरून ११.५ टन केली. ११.५ साठी उत्तर येते सुमारे ३.९५. वजन वाढले १३ टक्क्यांनी आणि झीज ६० टक्क्यांहून अधिक. खनिजाच्या ट्रकमध्ये वरून टाकलेली दोन टन भर रस्त्याला केवढ्याला पडते, ते यावरून कळेल.

काम करता करता कसे शिकावे?

जर्मनीत रस्ता बांधणारा कामगार हा तीन वर्षांच्या शिक्षणाचा व्यवसाय आहे. उमेदवार कंपनीत काम करतो, व्यवसाय शाळेत शिकतो आणि शेवटी परीक्षा देतो. आपल्याकडेही १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा आहे आणि त्याखाली शिकताना विद्यावेतन मिळते. आपल्या मुलांसाठी वाटा अशा आहेत :

शाळा अर्धवट सुटली असेल तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून दहावी-बारावी पूर्ण करता येते. पेडणे आणि डिचोली या दोन्ही तालुक्यांत सरकारी आयटीआय आहेत. दोन वर्षांचा आयटीआय अभ्यासक्रम झालेल्याला नियमांनुसार पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेशाची संधी असते. स्थापत्य पदविका पणजीला आल्तिनोच्या सरकारी तंत्रनिकेतनात आहे. पदविकेनंतर पदवीच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश मिळू शकतो. त्यासाठी फर्मागुडीचे गोवा अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. नोकरी करणाऱ्यांना सोयीच्या वेळेत पदविका-पदवीचे वर्ग चालवण्याची परवानगी अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२३-२४ पासून दिली आहे. प्रत्येक संस्थेत ही सोय नसते, म्हणून पैसे भरण्यापूर्वी मान्यता आणि वेळापत्रक विचारून घ्यावे. आयआयटीच्या प्राध्यापकांची महामार्ग बांधणीवरील व्याख्याने एनपीटीईएलवर विनामूल्य ऐकता येतात. भारतीय मानके संगणकावरून मोफत उतरवून घेता येतात. पावसाळ्यात डांबरीकरण जवळजवळ थांबते; जून ते सप्टेंबर हे चार महिने अभ्यासाला देण्यासारखे आहेत.

पुस्तके इंग्रजीत असतात म्हणून पुष्कळ मुले मागे फिरतात. आमचे स्वतःचे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, त्यामुळे ही भीती आम्हाला परिचयाची आहे. उपाय साधा आहे. एका वहीत तीन रकाने आखा : साइटवर बोलतात तो शब्द, पुस्तकातला शब्द, आणि मराठीत त्याचा अर्थ. रोज तीन शब्द लिहिले तर एका पावसाळ्यात साडेतीनशेच्या वर शब्द होतील. पहिले पुस्तक वाचायला तेवढे पुरेत.

सुरक्षा आधी

बिटुमेन १६० अंशांवर असते. उकळत्या पाण्यापेक्षा साठ अंशांनी अधिक. ते कातडीला चिकटते आणि भाजणे चालूच राहते. अंगावर पडल्यास भरपूर गार पाणी ओतावे, चिकटलेले बिटुमेन ओढून काढू नये आणि ताबडतोब डॉक्टरांकडे न्यावे. गरम बिटुमेनच्या टाकीत पाणी जाता कामा नये. पाण्याची वाफ होताना ते सुमारे १७०० पट फुगते आणि सगळे उकळून बाहेर येते. हातमोजे, पूर्ण बाह्या, बूट आणि उजळ रंगाचे जाकीट यांत लाज कसली? पालकांना आमची विनंती आहे की अठरा वर्षे पूर्ण झाल्याशिवाय मुलाला प्लांटवर पाठवू नये.

पालक आणि विश्वस्तांस

खाणी बंद झाल्या तेव्हा ट्रक दारात उभे राहिले, पण हप्ते थांबले नाहीत. २०२४ मध्ये डिचोलीत खाणकाम पुन्हा सुरू झाले, तरी मधली वर्षे कोणी विसरलेले नाही. यंत्र विकावे लागते. शिकलेली विद्या मात्र खाणीवरून महामार्गावर, महामार्गावरून धावपट्टीवर बरोबर येते. म्हणून मुलगा कामाला लागला तर त्याला रागावू नका, आणि त्याचा पहिला पगार आला म्हणून त्याची पुस्तके माळ्यावरही टाकू नका. आठवड्यातून दोन संध्याकाळी त्याला घरकामातून मोकळीक द्या.

विश्वस्त मंडळास आमची सूचना आहे की कामावर जाणाऱ्या माजी विद्यार्थ्यांसाठी शाळेची एक खोली संध्याकाळी उघडी ठेवावी. एक संगणक, थोडी नियमपुस्तके, एक फळा आणि गणित-विज्ञानाचे एक शिक्षक, एवढ्यावर सुरुवात होईल. खर्च फार नाही.

विद्यार्थी मित्रांनो, शाळेत येताना उद्या रस्त्याकडे नीट पाहा. पाणी कुठे साचते, कड कुठे तुटली आहे, जुना आणि नवा थर कुठे सुटला आहे, ते टिपून आणा. त्यावर विज्ञानाच्या तासाला बोलू.