चाचणीतील गुण व पुढचा पाठ

प्रास्ताविक

मोहोळ हे पुणे–सोलापूर रस्त्यावरील तालुक्याचे ठिकाण. येथूनच पंढरपूरकडे जाणारा रस्ता फुटतो. तालुक्यात भरल्या गावातील मोठ्या शाळा आहेत, तशाच सीनेकाठच्या वाडी-वस्तीवरील दोन शिक्षकांच्या शाळाही आहेत. या सर्व शाळांतील मुलांपुढे जेव्हा एकच छापील प्रश्नपत्रिका येते, तेव्हा त्यांच्या गुणांची तुलना होणे स्वाभाविक होय. परंतु तुलना हा चाचणीचा शेवट नव्हे. तो आरंभ आहे. चाचणीचे गुण कसे वाचावेत, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रमाणित चाचणी म्हणजे काय ?

ज्या चाचणीत प्रश्न, वेळ, सूचना व गुणदानाची रीत ही सर्वांना सारखीच असतात, आणि जिचे प्रश्न आधी पुष्कळ मुलांवर पडताळून पाहिलेले असतात, तिला प्रमाणित चाचणी म्हणतात. फ्रान्समध्ये आल्फ्रेड बिने यांनी १९०५ साली अशी बुद्धिमापनाची पहिली श्रेणी तयार केली. आपल्याकडे डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी १९३४ च्या सुमारास मराठी व कानडी मुलांसाठी तिचे रूपांतर केले. परक्या मुलांसाठी केलेले माप येथील मुलांना जसेच्या तसे लावता येत नाही, हे त्या कार्याचे मर्म होते.

महाराष्ट्रात २२ जून २०१५ च्या शासन निर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम सुरू झाला व त्यात पायाभूत आणि संकलित चाचण्या आल्या. पुढे २०२३-२४ मध्ये नियतकालिक मूल्यांकन चाचणी या नावाने तिसरी ते आठवीच्या वर्गांना भाषा, गणित व इंग्रजी या विषयांच्या चाचण्या देण्यात आल्या. राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षणाचा हेतू मात्र निराळा आहे. १३ नोव्हेंबर २०१७ व १२ नोव्हेंबर २०२१ रोजी झालेली ही सर्वेक्षणे निवडक शाळांत झाली. त्यांवरून जिल्ह्याचे चित्र कळते, एखाद्या मुलाचे कळत नाही. मुलाचे चित्र शिक्षकालाच काढावयाचे असते.

सरासरी काय लपविते ?

एका वर्गात दहा मुले असून प्रत्येकाला शंभरपैकी ६० गुण आहेत. दुसऱ्या वर्गात पाच मुलांना ९० व पाच मुलांना ३० गुण आहेत. दोन्ही वर्गांची सरासरी ६० च. पहिल्या वर्गास एकच पाठ पुरेल. दुसऱ्या वर्गास दोन गट करून शिकविल्यावाचून गत्यंतर नाही. सरासरी पाहणाऱ्याला हा भेद दिसत नाही.

लहान शाळेत आणखी एक सावधगिरी हवी. ज्या वर्गात आठच मुले आहेत, तेथे एका मुलाच्या निकालाने शेकडा १२.५ चा फरक पडतो. अशा शाळेचा आकडा गेल्या वर्षीपेक्षा थोडा उतरला म्हणून शिक्षकास दोष देणे, किंवा थोडा चढला म्हणून त्याचा गौरव करणे, दोन्ही अविचाराचे होईल.

चुकीचे उत्तर हाच पुरावा

समजा, तिसरीच्या आठ मुलांना ६२ − ३७ हे उदाहरण घातले. तिघांनी २५ लिहिले, चौघांनी ३५ लिहिले व एकाने जागा कोरी ठेवली. गुणपत्रकात ‘आठपैकी तीन बरोबर’ एवढेच येईल. पण चौघांचे उत्तर एकच कसे ? सातातून दोन गेले पाच, सहातून तीन गेले तीन. म्हणजे मुलांनी प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला. ही निष्काळजी नव्हे. ही एक पक्की झालेली चुकीची रीत आहे. या चौघांना आणखी वीस उदाहरणे घातल्यास ती रीत अधिकच पक्की होईल. त्यांच्या हाती दहा-दहा काड्यांच्या सहा जुड्या व दोन सुट्या काड्या द्याव्यात आणि सदतीस काड्या मागाव्यात. जुडी सोडल्यावाचून सात सुट्या काड्या देता येत नाहीत, हे त्यांचे त्यांनाच उमगेल. कोरी जागा ठेवणाऱ्याला मात्र आधी प्रश्न वाचावयास सांगावा. त्याची अडचण गणिताची नसून वाचनाची असण्याचा संभव आहे.

दुसरे उदाहरण अंकलेखनाचे. ‘सदतीस’ ऐकून मूल ७३ लिहिते. मराठीत आधी सात व मग तीस ऐकू येतात; लिहिताना क्रम उलटतो. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘त्रेपन्न’बरोबर ‘पन्नास तीन’ असेही वाचन सुचविले गेले, तेव्हा राज्यभर वाद झाला. त्या वादात कोणतीही बाजू पटो, अडचण खरी आहे, हे ७३ लिहिणारे मूल दाखवून देते.

चाचणीच्या दिवशी नसलेले मूल

सोलापूर हा साखर कारखान्यांचा जिल्हा. गाळपाचा हंगाम साधारणतः दिवाळीच्या सुमारास सुरू होऊन उन्हाळ्यापर्यंत चालतो. या काळात उसतोडणी करणाऱ्या कुटुंबांबरोबर मुले एका गावाहून दुसऱ्या गावी जातात. असे मूल पायाभूत चाचणीस एका शाळेत असते, पुढच्या चाचणीस भलत्याच शिवारात. त्याचा गुण कोणत्याच सरासरीत नसतो. म्हणून सरासरी बरी दिसते. जाणाऱ्या मुलाच्या शिक्षण हमी पत्रकाबरोबर त्यास काय येते व कोठे अडते, हे दोन ओळींत लिहून दिल्यास पुढील शिक्षकाचे काम हलके होईल. आलेल्या मुलाची तोंडी चाचणी पहिल्याच आठवड्यात घ्यावी.

आकड्याचा मोह

चाचणीच्या वेळी उत्तर सुचविणे, फळ्यावर खूण करणे, कच्च्या मुलास त्या दिवशी घरी राहू देणे, यांनी शाळेचा आकडा वाढतो. मुलाचे वाचन जेथल्या तेथेच राहते. २०१० पासून आठवीपर्यंत कोणासही मागे ठेवावयाचे नाही असा नियम होता, तेव्हा ही उणीव वर्षानुवर्षे झाकली जाई. २०१९ च्या केंद्रीय दुरुस्तीनंतर महाराष्ट्राने २०२३ मध्ये पाचवी व आठवीस वार्षिक परीक्षेची तरतूद केली. अनुत्तीर्ण मुलास पुनर्परीक्षेची संधी मिळते. तीतही न उतरल्यास त्यास त्याच वर्गात बसावे लागते. तिसरीत सुचविलेल्या उत्तराची किंमत पाचवीत ते मूल देते, सुचविणारा देत नाही.

वर्गात करावयाचे काम

१. उत्तरपत्रिका तपासल्यावर एक तक्ता आखावा : उभ्या रकान्यांत प्रश्न, आडव्या ओळींत मुलांची नावे.
२. चूक उत्तर असल्यास फुली न करता ते उत्तरच लिहावे.
३. सारखी चूक करणाऱ्यांचा गट करावा व आठ दिवस त्याच एका गोष्टीचा पाठ घ्यावा.
४. नंतर त्याच प्रकारची तीन नवी उदाहरणे देऊन पडताळा पाहावा.
५. मुलाची तुलना त्याच्याच मागील कामाशी करावी. २० वरून ४० वर आलेल्या मुलाने ८० वरून ८२ वर गेलेल्यापेक्षा अधिक वाट चालली आहे.

शिक्षण परिषदेत चर्चेसाठी

१. आपल्या वर्गात सर्वांत अधिक मुलांनी केलेली एकच चूक कोणती ? तिच्यामागील रीत काय असावी ?
२. मागील चाचणीस कोणती मुले गैरहजर होती ? त्यांची पातळी आज कशावरून कळते ?
३. चाचणीनंतर आपल्या पाठात नेमका कोणता बदल झाला ? झाला नसल्यास ती चाचणी कोणासाठी घेतली गेली ?