शिकाऊ अनुज्ञप्तीची परीक्षा

मोटार शिकण्यापूर्वीं १९८८ च्या मोटार वाहन कायद्यान्वयें शिकाऊ अनुज्ञप्ति मिळवावी लागते. तिच्या परीक्षेंत शेंकडा ६० उत्तरें बरोबर आलीं कीं पुरे; म्हणून पुष्कळजण रस्त्यावरील खुणा नुसत्या घोकतात. वस्तुतः येथें आकारच बोलतो. वर्तुळ आज्ञा करितें, टोंक वर असलेला त्रिकोण पुढील धोका सांगतो, अष्टकोन थांबवितो. चित्र चिखलानें झांकलें तरी एवढें कळतें! परंतु चालकाचीं कर्तव्यें हा भाग, खेदाची गोष्ट, फार थोडे मन लावून वाचतात. अपघात घडल्यास जखमीस वैद्यकीय मदत मिळवून द्यावी व शक्य तितक्या लवकर, फार तर २४ तासांत, पोलिसांस वर्दी द्यावी, असें कलम १३४ सांगतें. पहिल्या कर्तव्यांतून सूट मिळते ती जमावाच्या क्षोभासारख्या अनिवार्य कारणानेंच.