छोट्या दौडीतील सहभाग-भेट: तळीये परिसरातील विचार

तीन ते पाच किलोमीटरच्या दौडीत क्रमांक कितवाही आला तरी धावणाऱ्या प्रत्येकाला जी वस्तू दिली जाते, तिला सहभाग-भेट म्हणतात. ती पहिल्या तिघांच्या बक्षिसाहून वेगळी असते आणि आयोजकांच्या खर्चाचा मोठा वाटा बहुधा तीच घेते. २००४ पासून भरणाऱ्या मुंबई मॅरेथॉनसारख्या स्पर्धांमुळे पदक आणि टी-शर्ट ही जोडी सर्वांच्या परिचयाची झाली असली, तरी रायगड जिल्ह्यातील महाड-पोलादपूरच्या डोंगरी वाड्यांत तिचे अनुकरण करताना फसगत होते, असा अनुभव आहे.

टी-शर्टची मागणी छपाईसाठी आधीच नोंदवावी लागते, तर गावातील बहुतेक मुले नाव नोंदवतात ती दौडीच्या सकाळी. त्यामुळे मोठ्या मापाचे शर्ट लहान मुलांच्या गुडघ्यापर्यंत लोंबतात आणि उरलेला गठ्ठा शाळेच्या कपाटात पडून राहतो. त्यातही सुती शर्ट घामाने जड होतो, तर ड्राय-फिट म्हणून विकला जाणारा पॉलिएस्टरचा शर्ट लवकर वाळतो. पदकाची अडचण निराळी: त्यावर वर्ष कोरले की उरलेली पदके पुढच्या वर्षी वापरता येत नाहीत, म्हणून वर्ष प्रमाणपत्रावर छापावे आणि पदकावर फक्त गावाचे नाव ठेवावे.

रोप देण्याची कल्पना पर्यावरणाच्या दृष्टीने आकर्षक वाटते. परंतु महाडचा वार्षिक पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या पुढे जात असला तरी तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या काळात पडतो, आणि दौडी मात्र हिवाळ्यात भरतात. जानेवारीत हाती पडलेले रोप उन्हाळाभर पाणी घालणारा कुणी नसल्यास जगत नाही. ते द्यायचेच असेल तर जूनमध्ये द्यावे, आणि उतारावरील जमिनीसाठी वाळ्याचे ठोंब द्यावेत. वाळा म्हणजे खोल मुळे सोडून माती धरून ठेवणारे गवत, अर्थात मोठी दरड रोखण्याची शक्ती त्यात आहे असे मानणे धोक्याचे ठरेल.

हा इशारा महाड तालुक्यातील तळीये गावात विशेष लागू पडतो. २२ जुलै २०२१ रोजी तेथील कोंढाळकरवाडीवर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे दगावली. त्याच दिवसांत महाड शहर पुराखाली होते, आणि रस्ते बंद झाल्याने बचाव पथकांना पोहोचण्यास विलंब लागला. अशा गावी स्मरणार्थ दौड ठेवायची तर आप्त गमावलेल्या कुटुंबांची संमती आधी घ्यावी, जुलैतील तारीख टाळावी, आणि भेट म्हणून गळ्यात अडकवता येणारी शिट्टी व लहान विजेरी यांचा विचार करावा. पावसाच्या आवाजात हाक विरून जाते, शिट्टी त्यामानाने दूरवर ऐकू येते आणि तिला ना चार्जिंग लागते ना नेटवर्क. मात्र किती वेळा वाजवली म्हणजे घर सोडून बाहेर पडायचे, याचा संकेत ग्रामसभेत ठरलेला नसेल, तर ती शिट्टी मुलांचे खेळणेच ठरते. म्हणून वाटपापूर्वी त्या संकेताची एक रंगीत तालीम घ्यावी.

खाण्याच्या भेटीत वरकस जमिनीवर, म्हणजे डोंगरउतारावरील कोरडवाहू जमिनीत, पिकणाऱ्या नाचणीचे लाडू आणि कोकम सरबत यांना तोड नाही; ते गावातील महिला बचत गटांकडून घेतल्यास पैसा वाडीतच राहतो. लाडू कागदात बांधावेत आणि सरबत स्टीलच्या पेल्यात द्यावे, कारण राज्यात २०१८ पासून प्लास्टिकच्या अनेक एकदाच वापरायच्या वस्तूंवर बंदी आहे.

आयोजकांनी पाणी, प्रथमोपचार आणि रुग्णवाहिका यांचा खर्च आधी बाजूला काढावा, आणि उरलेल्या पैशात भेट बसत नसेल तर ती रद्द करावी.