पायाला कळेनासं होतं तेव्हा

पाचोडच्या आमच्या वस्तीत एक मावशी आहेत. साखरेचा आजार अकरा वर्षांचा. मोसंबीच्या बागेत खुरपायला गेल्या, बाभळीचा काटा चप्पल भेदून टाचेत घुसला आणि त्यांना कळलंच नाही. तिसऱ्या दिवशी सुनेला अंथरुणावर पू दिसला. आम्ही जखम धूत होतो तेव्हाही मावशी म्हणत होत्या, "दुखत नाही गं." आम्हाला भीती वाटली ती त्या वाक्याचीच.

साखर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की पायाच्या नसा बधिर होतात. चालताना टाच, अंगठा आणि बोटांमागची गादी यांवर जास्त दाब पडतो. चांगला पाय दुखला की आपण नकळत वजन दुसरीकडे टाकतो. बधिर पाय तसं करत नाही. त्याच जागी हजारो पावलं पडतात, घट्टा पडतो, घट्ट्याखाली जखम होते. कुष्ठरोग्यांच्या पायांबद्दल हेच वेल्लोरच्या डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिलं. लोक म्हणायचे मांस आपोआप सडतं. खरं कारण होतं न कळलेला दाब आणि इजा. मऊ एमसीआर रबराच्या चपला त्यातूनच आल्या.

आता हा दाब मोजणारे पातळ, लवचीक सेन्सर तयार होत आहेत. सिलिकॉन रबर, स्पंज किंवा कापड घेतात आणि त्यात कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या, ग्राफीन किंवा चांदीच्या तारा मिसळतात. किती सूक्ष्म? एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर एक भाग म्हणजे नॅनोमीटर. दाबल्यावर हे कण एकमेकांना चिकटतात, विजेला वाट मिळते, तिचा अडथळा कमी होतो. किती कमी झाला यावरून दाब कळतो. असे सेन्सर चपलेच्या तळव्यात बसवले, की कुठे जास्त भार पडतोय ते मोबाइलवर दिसतं. मनगटावर लावून नाडीही टिपता येते.

आपल्या जिल्ह्यातही या जातीचं काम चालतं. ज्या विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव 14 जानेवारी 1994 रोजी मिळालं, तिथल्या भौतिकशास्त्र विभागात सेन्सरचं संशोधन केंद्र आहे. तिथे कार्बनच्या अशाच नळ्या वापरून प्रामुख्याने वायू ओळखणारे सेन्सर बनवतात. पोरं बारावी सायन्सला असतील तर त्यांना हे जरूर सांगा.

पण घामाने, घडीने, रोजच्या वापराने या सेन्सरचं माप हळूहळू बदलतं. आणि बिनपट्ट्याच्या घड्याळाने बीपी सांगितलं म्हणून गोळी कमी-जास्त करू नका. दंडाला पट्टा बांधून मोजलेलंच धरा.

तोवर काय करायचं? इंग्लंडमधल्या इप्सविच गावच्या डॉक्टरांनी काढलेली एक तपासणी घरात करता येते. पेशंटला डोळे मिटायला सांगा. दोन्ही पायांचा अंगठा, मधलं बोट आणि करंगळी, अशा सहा बोटांच्या टोकांना आपल्या बोटाने हलकेच एक-दोन सेकंद स्पर्श करा. दाबू नका, टोचू नका, एकच बोट पुन्हा तपासू नका. कळलं की त्यांनी डावा की उजवा ते सांगायचं. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी कळलं नाही तर पाय बधिर होतोय असं समजून सरकारी दवाखान्यात दाखवा. तिथे नायलॉनच्या धाग्याने पाय तपासून मागा. तो धागा दहा ग्रॅम दाबाला वाकतो.

अशा पायाने अनवाणी फिरायचं नाही, विहारात चपला बाहेर काढल्यावरही मोजे ठेवावेत. चप्पल घालण्याआधी आत हात फिरवा. घट्टा ब्लेडने कापू नका. थंडीत पाय शेकोटीजवळ नेऊ नका, भाजलेलंही कळत नाही. तळवा दिसत नसेल तर आरसा जमिनीवर ठेवा.

मावशींची टाच भरायला सात आठवडे लागले. आता रोज रात्री त्यांची नात मोबाइलचा टॉर्च लावून तळवे बघते, आणि मावशी गुदगुल्या होतात का म्हणून वाट पाहतात.